चाकाचा घेर, दंतचक्रांचे गुणोत्तर आणि मोटारीचा वेग

मोटारीचा वेग कशावर अवलंबून असतो, असा प्रश्न केला असता ‘इंजिनावर’ हे उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर चुकीचे नाही. मात्र ते अपुरे आहे. तेच इंजिन मिनिटाला तेवढेच फेरे घेत असता गाडी कधी ताशी २० किलोमीटर जाते, तर कधी ताशी ८०. हा फरक इंजिनात नसून इंजिन आणि रस्ता यांच्यामध्ये जे मध्यस्थ आहेत त्यांच्यात आहे. दंतचक्रांची गुणोत्तरे आणि चाकाचा घेर हे ते मध्यस्थ होत. यंत्रशास्त्राचा हा विषय आपल्या पत्रिकेत घेण्याचे कारण असे की, येथे मोजले जाते एक आणि सांगितले जाते दुसरेच. शिवाय या विषयाचे रूढ शब्द त्यातील अंकांच्या नेमके उलट दिशेने चालतात. परिभाषेचा विचार करणाऱ्याने अशा स्थळी थोडे थांबणे इष्ट आहे.

उदाहरणादाखल मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाची गाडी घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० जातीच्या मोटारी तयार होत. तीच गाडी पुढे ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली. गिरगाव, परळ, लालबाग, दादर या भागांत काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिने कित्येक दशके सेवा केली. टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. वीस वर्षांची वयोमर्यादा संपताच ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या टॅक्सींतून नाहीशी झाली. तिचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, गिअर पुढे जाण्याचे चार, इंजिन पुढे आणि चालक चाके मागे, अशी तिची रचना होती. तिच्या टायरवर ‘५.२०-१४’ अशी खूण असे.

दंतचक्रांचे तत्त्व गिरणगावाला मोटारीच्याही आधीपासून ठाऊक होते. जुन्या गिरण्यांत वाफेच्या इंजिनाने एक लांब दांडा फिरे आणि त्यावरील पुल्यांवरून निघालेले पट्टे खात्यातील यंत्रे चालवीत. दांड्यावरची पुली तीस इंच व्यासाची आणि यंत्रावरची दहा इंचांची असेल, तर दांड्याच्या एका फेऱ्यात यंत्राचे तीन फेरे होत. पुल्यांची अदलाबदल केली, तर यंत्र मंद फिरे. परंतु त्याचा जोर वाढे. मोटारीत पट्ट्याच्या जागी दाते आले, एवढाच भेद. दहा दात्यांचे चक्र त्रेचाळीस दात्यांच्या चक्राला फिरवीत असेल, तर पहिल्याचे ४.३ फेरे झाल्यावर दुसऱ्याचा एक फेरा पुरा होतो. या ४.३ ला आपण गुणोत्तर म्हणतो. फेरे जितक्या पटीने घटतात, घर्षणात जाणारा अंश सोडला तर, तितक्याच पटीने पीळ देण्याचा जोर वाढतो. वेग आणि जोर दोन्ही एकदम वाढवून देणारे दंतचक्र जगात नाही.

मोटारीत अशा दोन पायऱ्या असतात. पहिली गिअरबॉक्समध्ये, हिचे गुणोत्तर चालक आपल्या हाताने बदलतो. दुसरी मागच्या आसात, जिला कारागीर ‘क्राउन-पिनियन’ म्हणतात. हिचे गुणोत्तर कायम असते. हिशेबासाठी इंजिनाचे फेरे मिनिटाला ३००० धरू आणि मागच्या आसाचे गुणोत्तर ४.३ मानू. टॉप गिअरमध्ये गिअरबॉक्सचे गुणोत्तर १ असेल, तर चाकाचे फेरे मिनिटाला सुमारे ६९८ होतील. टायरचा व्यास स्थूलमानाने २४ इंच, म्हणजे घेर सुमारे १.९ मीटर. तेव्हा गाडी मिनिटाला सुमारे १३२५ मीटर, अर्थात ताशी जवळजवळ ८० किलोमीटर जाईल. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४ मानल्यास चाकाचे फेरे सुमारे १७४ वर येतात आणि वेग ताशी २० किलोमीटर होतो. तात्पर्य, इंजिनाच्या फेऱ्यांना दोन्ही गुणोत्तरांनी भागावे व चाकाच्या घेराने गुणावे, की वेग मिळतो.

आता शब्दांकडे वळू. आपण पहिल्या गिअरला ‘खालचा’ आणि चौथ्याला ‘वरचा’ म्हणतो. परंतु खालच्या गिअरचे गुणोत्तर मोठे असते, वरच्याचे लहान. गिअर चढवला म्हणजे अंक उतरतो. वाळकेश्वरच्या चढावर चालक ‘दुसरा टाकतो’, तेव्हा तो खाली उतरत असतो आणि गुणोत्तर वाढवीत असतो. येथे ‘वर’ व ‘खाली’ हे शब्द वेगाच्या दृष्टीने योजले आहेत, गुणोत्तराच्या नव्हे. ‘मोठा गिअर’ हा प्रयोग तर सर्वस्वी संदिग्ध आहे. एकाच्या मनात तो वेगाने मोठा असेल, दुसऱ्याच्या मनात दात्यांनी. याच कारणाने पाठ्यपुस्तकात ‘गुणोत्तर वाढते’ असे वाचणाऱ्या विद्यार्थ्याला वेगही वाढत असेल असे वाटते आणि तो नेमका उलटा निष्कर्ष काढतो. ‘पिकअप’ या शब्दाचीही स्थिती पाहावी. गॅरेजमध्ये ‘गाडीला पिकअप नाही’ असे म्हणतात, तेव्हा तक्रार वेगाची नसून शास्त्रीय मराठीत ज्याला ‘त्वरण’ म्हणतात त्याची असते. चाके मोठी बसवली, तर प्रत्येक फेऱ्यात अंतर अधिक पडते, परंतु रस्त्यावर लागणारा जोर तेवढ्याच प्रमाणात घटतो. अशा वेळी पिकअप कमी झाल्याचे कारागिराचे निदान अगदी अचूक असते.

वरील सूत्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते फेरे आणि वेग यांचा संबंध सांगते. तो वेग गाठण्याची शक्ती इंजिनात आहे, असे आश्वासन देत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट करावयाचा तर केवळ हवेसाठी आठपट शक्ती हवी. मोठी चाके लावून गाडी अमर्याद पळवता येत नाही, ती यामुळेच.

टायरवरील खूण हा तर अभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा नमुना आहे. ‘५.२०-१४’ यातील पहिला अंक टायरची रुंदी व दुसरा आतील धातूच्या कड्याचा व्यास, दोन्ही इंचांत. आजच्या ‘१४५/८० आर १३’ अशा खुणेत मात्र १४५ हे रुंदीचे मिलिमीटर, ८० ही टायरच्या उंचीची रुंदीशी टक्केवारी, ‘आर’ हे रेडियल बांधणीचे अक्षर आणि १३ हे पुन्हा इंच. एकाच शब्दात तीन मापपद्धती सुखाने नांदतात. तीवरून व्यास काढावयाचा तर १४५ चे ८० टक्के म्हणजे ११६. त्याची दुप्पट २३२. तीत तेरा इंचांचे ३३० मिलिमीटर मिळवून सुमारे ५६२ मिलिमीटर.

या व्यासाला व्यवहारात किती महत्त्व आहे, हे टॅक्सीच्या मीटरवरून स्पष्ट होते. जुन्या टॅक्सीत वेगमापकाची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकापासून निघे, आणि भाड्याचे मीटरही अशाच केबलवर चाले. गिअर बदलला तरी त्यांच्या दाखवण्यात फरक पडत नसे, कारण मोजणी गिअरबॉक्सच्या पुढे होई. परंतु त्यांना रस्ता दिसत नसे. दिसत ते केवळ फेरे. इतक्या फेऱ्यांचा एक किलोमीटर, हे विशिष्ट घेराचा टायर गृहीत धरून ठरवलेले असे. इलेक्ट्रॉनिक मीटर आले तरी ते मोजतात फेऱ्यांचे स्पंदच. गृहीतक तेच राहिले.

समजा, २४ इंच व्यासाच्या टायरची नक्षी सहा मिलिमीटर झिजली. त्रिज्या सुमारे ३०५ मिलिमीटरवरून २९९ वर आली, म्हणजे दोन टक्के घटली. मीटर मात्र जुनाच घेर धरून चालते, म्हणून ते अंतर दोन टक्के जास्त सांगते. कोणी चौदाऐवजी तेरा इंची कड्यावर तेवढ्याच जाडीचा टायर बसवला, तर व्यास २३ इंच होईल आणि दहा किलोमीटरच्या प्रवासात मीटर सुमारे १०.४३ किलोमीटर दाखवील. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत लागू झालेल्या किलोमीटरला २०.६६ रुपये या दराने हा फरक सुमारे नऊ रुपये होतो. उलट, ठरल्यापेक्षा मोठा टायर असेल तर तेवढेच नुकसान चालकाचे. दोघांपैकी कोणीही लबाडी केलेली नसताना दोघांमध्ये तंटा उद्भवू शकतो. मीटर तपासून मोहोरबंद करण्याची पद्धत आहे ती यासाठीच. पण मोहोर मीटरला असते, झिजणाऱ्या टायरला नसते.

वस्तुतः वेगमापकाच्या तबकडीवर ‘किलोमीटर’ असे लिहिलेले असते तेव्हा ते विधान सोपाधिक असते : ‘टायर अमुक घेराचा आणि मागच्या आसाचे गुणोत्तर अमुक असेल, तर’. ही अट तबकडीवर छापलेली नसते. वाक्यातील अध्याहृत भाग बदलला की वाक्य अक्षरशः तेच राहूनही असत्य होते, हे भाषेच्या अभ्यासकाला नवीन नाही. राज्याच्या भाषा संचालनालयाने १९६० पासून निरनिराळ्या शास्त्रांची मराठी परिभाषा घडवण्याचे कार्य केले आहे. त्या कार्यात पुढे भर घालणाऱ्यांनी ‘गिअर’ला प्रतिशब्द शोधण्यापूर्वी ‘वरचा’ म्हणजे कशाने वरचा, आणि ‘वेग’ म्हणजे कशावरून काढलेला, हे दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. ‘गिअर’, ‘टायर’, ‘टॉप’ हे शब्द परळच्या कारागिरांनी केव्हाच मराठी करून टाकले आहेत. त्यांना हटवण्याची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती त्यांच्यामागील अटी स्पष्ट मराठीत सांगण्याची.