सहा चॉनची कादंबरी

धातूचे सुटे खिळे जुळवून छापलेलं, आज उपलब्ध असलेलं जगातलं सर्वांत जुनं पुस्तक कोरियातलं आहे. 'जिक्जी' हा बौद्ध ग्रंथ १३७७ साली छापला गेला. गुटेनबर्गचं बायबल त्यानंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळाने आलं. एवढी आघाडी असून छापील कथा सामान्य कोरियन माणसाच्या सहज हाती लागायला विसावं शतक का उजाडावं?

कारण ते खिळे बहुतांशी राजदरबाराचे होते. शाई लावायची, वर कागद ठेवायचा, हाताने घासायचं; निघतील त्या मोजक्या प्रती अधिकाऱ्यांना आणि विद्वानांना, त्याही बहुधा चिनी लिपीत. हान्गुल लिपी १४४६ पासून होती, पण तिच्यातल्या कथा हस्तलिखितांतून, नाहीतर लाकडी ठशांवरून फिरत. सोलमध्ये त्या भाड्याने मिळत. त्यापायी बायका दागिने विकतात, अशी अठराव्या शतकातल्या विद्वानांची तक्रार आहे. केवढी ही वाचनाची भूक!

१८८३ मध्ये सरकारने जपानहून छपाईयंत्र आणून वृत्तपत्र काढलं. तेही चिनी लिपीतच. पुढच्याच वर्षी बंडाच्या धुमाळीत छापखाना जळला. खरी कलाटणी १८९६ ची : 'तोंगनिप सिनमुन' या पत्राचा कोरियन मजकूर निव्वळ हान्गुलमध्ये निघाला, आणि त्यात दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली होती. आपल्याला यात काय विशेष, असं वाटेल. पण तोवर कोरियन मजकूर सलग, न तोडता लिहीत.

जुळाऱ्यांचे हाल मात्र विचारू नका. हान्गुलची मूळ अक्षरं दोन डझन, पण ती एकेका चौकोनात गुंफली जातात आणि अशा प्रत्येक चौकोनाला वेगळा खिळा लागे. आजच्या हिशेबाने असे ११,१७२ चौकोन संभवतात. देवनागरी जोडाक्षरांचे खिळे हाताळलेल्या माणसाला हे दुखणं चटकन कळेल.

१९१० मध्ये देश जपानच्या ताब्यात गेला. छापण्याआधी हस्तलिखित मंजूर करून घ्यावं लागे, त्यामुळे नव्या विचारांपेक्षा जुन्या गोष्टी छापणं सोपं होतं. भडक रंगीत मुखपृष्ठांची, मोठ्या टायपातली स्वस्त पुस्तकं बाजारात आली. १९१३ मध्ये छ्वे नाम-सॉन यांच्या सिनमुनग्वान प्रकाशनाने तर सहा चॉन (चॉन म्हणजे तिथलं छोटं नाणं) किमतीची मालिकाच काढली.

या लाटेत छुनह्यांग या नायिकेची प्रेमकथा अफाट खपली. मुळात ती पान्सोरी या कथागायनाचे गायक ढोलकाच्या साथीने गात. १९१२ मध्ये यी हे-जो यांनी ती वृत्तपत्रात क्रमशः लिहिली, लगेच तिचं पुस्तक झालं, आणि गावोगावी कुणीतरी एक अक्षरओळख असलेला माणूस ते मोठ्याने वाचू लागला. बाकीचे भोवती बसून ऐकत.