कुष्ठरोगातील मज्जातंतूंची हानी
हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर जाळे ओढणाऱ्या हाताला दोर काचल्याचे कळलेच नाही, तर तो काटकपणा समजू नये. कुष्ठजंतू त्वचेबरोबरच हातापायांच्या मज्जातंतूंवरही आघात करतात. संवेदनावाहक तंतू बिघडले की चटका जाणवत नाही. स्नायूंना चालना देणारे बिघडले की पाऊल लुळे पडते. कोपरामागील मज्जातंतू सुजल्यास करंगळी व अनामिका आखडतात. घामाचे तंतू बिघडले की त्वचा कोरडी पडून भेगाळते.

१९८३ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. बहुविध औषधोपचाराने जंतू मरतात; मेलेला मज्जातंतू मात्र त्याने जिवंत होत नाही. हानी सहा महिन्यांच्या आतील असल्यास स्टिरॉइडने ती पुष्कळदा भरून निघते. बधिरपणा मधुमेहानेही येतो, म्हणून निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. कुष्ठरोगाची औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात.