एका स्क्रूच्या अंतरावर

थिंकपॅड एक्स२२० हा लॅपटॉप पालथा घातला की त्याच्या पोटावर बारीक चित्रं दिसतात. काही स्क्रूंच्या शेजारी इवलासा कीबोर्ड छापलेला असतो. कीबोर्ड बदलायचा असेल तर तेवढेच स्क्रू काढायचे. बॅटरीला स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही, खिट्टी सरकवली की ती हातात येते. कडेला एका स्क्रूवर बसवलेलं छोटं झाकण आहे. ते निघालं की हार्डडिस्क खणासारखी बाहेर ओढता येते. रॅमच्या दोन्ही पट्ट्या तळाच्या दाराआड असतात. कीबोर्डवर चहा सांडला तर तो आत न मुरता खाली वाहून जावा म्हणून तळाला भोकंही ठेवलेली आहेत. हे यंत्र २०११ सालचं. तरी आजही अनेक देशांत लोक ते शोधून विकत घेतात, दुरुस्त करतात आणि रोज कामाला लावतात. या ओढीला सहसा जुन्याचं वेड म्हटलं जातं. मला ते निदान अपुरं वाटतं. ग्रामोफोनबद्दल वाटतो तसा जिव्हाळा यात थोडा असेलही, पण मुळात ही ओढ मालकीची आहे. पैसे मोजून घेतलेली वस्तू आपल्याला उघडता यावी, तिचा बिघडलेला भाग बदलता यावा आणि ती निकामी कधी झाली हे आपण ठरवावं, एवढी साधी अपेक्षा ही यंत्रं पुरी करतात.

ती तशी का घडली, हे पाहण्यासारखं आहे. आयबीएमने पहिले थिंकपॅड ऑक्टोबर १९९२मध्ये आणले. काळ्या, चौकोनी पेटीचं ते रूप रिचर्ड सॅपर या जर्मन रचनाकाराचं. जपानी बेंटो डब्यासारखं, बाहेरून साधं आणि उघडल्यावर आत नीट मांडलेलं काहीतरी, अशी त्यामागची कल्पना होती. तांत्रिक घडण जपानमधल्या यामातो इथल्या प्रयोगशाळेत झाली. २००५मध्ये हा सगळा व्यवसाय लेनोव्होकडे गेला, तरी बांधणीची रीत बराच काळ तीच राहिली. याचं कारण गिऱ्हाईक. ही यंत्रं मुख्यतः मोठ्या कंपन्या शेकड्यांनी घेत. त्यांच्याकडे दुरुस्तीची स्वतःची माणसं असत आणि एक कीबोर्ड बिघडला म्हणून कर्मचारी दिवसभर हात बांधून बसणं त्यांना परवडत नसे. म्हणून कोणता स्क्रू कुठला, कोणता भाग कोणत्या क्रमाने काढायचा, सुट्या भागाचा क्रमांक काय, हे सांगणारी जाडजूड दुरुस्ती-पुस्तिका कंपनीच प्रसिद्ध करी, आणि ती कोणालाही वाचता येई. कंपन्यांच्या सोयीसाठी केलेली ही व्यवस्था पुढे सामान्य माणसाच्या पथ्यावर पडली. दरम्यान बाजाराचा कल उलटा फिरला. अ‍ॅपलच्या २०१२च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली होती आणि बॅटरी गोंदाने चिकटवलेली. लॅपटॉप पातळ झाले, हलके झाले, देखणेही झाले. पण घेताना जेवढी रॅम घेतली तेवढीच शेवटपर्यंत, ही अटही त्यांच्याबरोबर आली आणि पाहता पाहता ती नेहमीची होऊन बसली.

पहिला आक्षेप उघड आहे. उघडता येतो हे ठीक, पण पंधरा वर्षांपूर्वीचं यंत्र आज चालणार कसं? याचं उत्तर काळाप्रमाणे बदलतं. १९९२च्या थिंकपॅड ७००सीचा प्रोसेसर २५ मेगाहर्ट्झचा होता. दहा वर्षांनी आलेल्या टी३०मध्ये तोच आकडा २००० मेगाहर्ट्झच्या आसपास पोचला. नुसत्या आकड्यावरून सगळी ताकद कळत नाही, पण त्या दशकात जुनं यंत्र खरोखरच अडगळ होत होतं, हे त्यातून दिसतं. २०११नंतर तशी झेप रोजच्या कामाला लागलीच नाही. एक्स२२०मध्ये सहसा आढळणारा प्रोसेसर अडीच गिगाहर्ट्झचा आहे. लिहिणं, हिशेब ठेवणं, मेल पाहणं, चार-सहा पानं उघडून वाचणं याला तो पुरतो. अशा यंत्राचा खरा अडसर असते त्याची फिरती हार्डडिस्क. तिच्यात तबकडी फिरते आणि वाचणारं टोक दर वेळी योग्य जागी जाऊन थांबतं. संगणक त्याची वाट पाहत बसतो. तिच्या जागी एसएसडी बसवली की हे हलणारे भागच उरत नाहीत. मरगळलेला वाटणारा लॅपटॉप त्या एका बदलाने चटकन सुरू होऊ लागतो. रॅम आठ जीबी केली की घरच्या वापरासाठी आणखी फारसं काही करावं लागत नाही. अर्थात व्हिडिओ संपादन, जड खेळ किंवा त्रिमितीय आराखडे ज्यांच्या कामाचा भाग आहेत, त्यांनी नवं यंत्रच घ्यावं. आजचे बरेचसे ऑनलाइन व्हिडिओ ज्या पद्धतीने आवळलेले असतात, ती उलगडण्याची खास सोय या जुन्या प्रोसेसरांत नाही. त्यामुळे पंखा जोराने फिरतो आणि बॅटरी लवकर उतरते. बहुतेक एक्स२२०चा पडदाही सुमार आहे, जरा बाजूने पाहिलं की रंग पालटतात. हे दोष झाकण्यात अर्थ नाही.

मग रोज लिहिणारी माणसं त्याला का चिकटून राहतात? मला वाटतं, कीबोर्डमुळे. एक्स२२० आणि टी४२० ही सात ओळींच्या जुन्या कीबोर्डची शेवटची पिढी. बोटाच्या टोकाला बसेल अशी किंचित खोलगट कळ, दाबल्यावर खाली जाण्याइतकी खोली आणि तळाला लागल्याची स्पष्ट जाणीव. तासन्‌तास लिहिणाऱ्याला हा फरक मनगटातून कळतो. २०१२पासून सहा ओळींचा सपाट कीबोर्ड आला. चाहत्यांची हळहळ इतकी टिकली, की २०१७मध्ये थिंकपॅडच्या पंचविशीनिमित्त काढलेल्या खास आवृत्तीत सात ओळी परत आणाव्या लागल्या. या कीबोर्डच्या मध्यावर लाल टिकलीसारखी एक कळ असते, ट्रॅकपॉइंट. ती नुसती दाबून रेटली की पडद्यावरचा बाण सरकतो, हात अक्षरांवरून उचलावाच लागत नाही. इंग्रजी जी, एच आणि बी यांच्या मधोमध तिची जागा. इन्स्क्रिप्टमध्ये मराठी टंकणाऱ्याला ती ऱ्हस्व उकार, प आणि व यांच्या बेचक्यात सापडते. निव्वळ संग्राहकांचं प्रेम मात्र आणखी मागे जातं, १९९५च्या ७०१सीपर्यंत. झाकण उघडताच त्याचा दुभंगलेला कीबोर्ड फुलपाखराच्या पंखांसारखा पसरून पेटीपेक्षा रुंद होत असे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने तो आपल्या संग्रहात ठेवला आहे. तो कपाटात शोभतो. रोजच्या कामाला त्याचा उपयोग नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. विंडोज १० साठीचा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-यंत्रणा आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे धडधाकट चालणारी असंख्य यंत्रं एका अटीने बाहेर पडली. सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबलेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करणं धोक्याचं आहे, यात शंका नाही. पण त्यामुळे यंत्र बाद होत नाही, ती प्रणाली बाद होते. लिनक्स मिंट किंवा डेबियनसारखी प्रणाली त्याच यंत्रावर फुकट बसवता येते, तिच्या दुरुस्त्या नियमित येत राहतात आणि मराठी इन्स्क्रिप्टही तिच्यात असतं. मात्र मर्यादा इथेही आहे. २०१८च्या सुरुवातीला जाहीर झालेल्या स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटींसाठी इंटेलने एक्स२२०च्या पिढीलाही दुरुस्ती दिली, पण त्याआधीच्या बऱ्याच पिढ्यांना दिली नाही. त्यामुळे २००८ सालचा लॅपटॉप लिहायला ठेवावा, पैशाच्या व्यवहारांना नको, असं माझं मत आहे.

विजेचा मुद्दाही काढला जातो. नवा प्रोसेसर कमी वीज खातो, हे खरं. पण लॅपटॉपच्या आयुष्यातल्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो बनवतानाच झालेला असतो, असं उत्पादकांचेच अहवाल सांगतात. दिवसाला दोन-तीन तास वापरल्या जाणाऱ्या यंत्रात वीज वाचवून तो वाटा भरून काढायला वर्षानुवर्षं लागतील. दुसरीकडे, संयुक्त राष्ट्रांच्या ई-कचरा अहवालानुसार २०२२मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद आहे. चालू यंत्र आणखी पाच वर्षं चालवलं तर तेवढा काळ ते त्या ढिगापासून दूर राहतं, आणि त्यासाठी कोणताही कारखाना उभारावा लागत नाही.

आपल्याकडे या यंत्रांचा ओघ कार्यालयांकडून येतो. पुणे-मुंबईतल्या कंपन्या काही वर्षांनी लॅपटॉप बदलतात आणि जुने ठोकभावाने विकतात. तेच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमधल्या दुकानांतून, आता रिफर्बिश्ड म्हणून ऑनलाइनही, घराघरांत पोचतात. घेताना दोन गोष्टी मात्र पाहाव्यात. बिजागऱ्या घट्ट आहेत ना, आणि बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड राहून गेलेला नाही ना. बॅटरी बहुतेक बदलावीच लागते. सध्या या बाजारात सर्वांत जास्त मागणी असलेल्यांपैकी एक म्हणजे २०१८चा टी४८०. त्याचा प्रोसेसर सहसा आठव्या पिढीचा, त्यामुळे विंडोज ११ही चालतं. रॅमचे दोन स्लॉट आहेत, आणि आतल्या बॅटरीच्या जोरावर बाहेरची बॅटरी यंत्र बंद न करता बदलता येते. पुढच्याच वर्षी आलेल्या टी४९०मध्ये ती बाहेरची बॅटरी गेली आणि रॅमचा एक भाग बोर्डावर सोल्डर केला गेला. टी४८०च्या किमती आणि कौतुक वाढत गेलं ते त्यानंतर. २०२४मध्ये लेनोव्होने टी१४ या थिंकपॅडची पाचवी पिढी आणली, आणि ती आखताना दुरुस्तीच्या हक्कासाठी झटणाऱ्या आयफिक्सिटचा सल्ला घेतला. त्या यंत्रात रॅमचे दोन्ही स्लॉट परत आले आहेत.