गॅस की अपेंडिक्स?

पोटात कळ आली की आपल्याकडे आधी ओव्याची बरणी उघडते, मग बेंबीवर हिंग लागतो. गॅसच असेल तर तेवढ्यावर भागतंही. पण अपेंडिक्सचं दुखणं सुरुवातीला पुष्कळदा गॅससारखंच वाटतं. बेंबीभोवती मंद दुखतं, जेवणावरची वासना उडते, मळमळतं, एखादी उलटी होते. काही तासांत दुखणं उजवीकडे खाली सरकतं आणि तिथेच ठाण मांडतं. खोकलं, किंवा रिक्षा खड्ड्यातून गेली, की नेमकी तिथे कळ उठते. रुग्ण पाय पोटाशी घेऊन न हलता पडून राहतो. मुतखड्याचा रुग्ण मात्र एका जागी ठरत नाही, तळमळत फेऱ्या मारतो. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बायकांमध्ये हे चित्र इतकं स्वच्छ नसतं.

अशा वेळी एरंडेल किंवा जुलाबाचं औषध मुळीच देऊ नका. सुजलेलं अपेंडिक्स फुटू शकतं. डॉक्टरांनी पाहीपर्यंत खाणंही नको. आणि दुखणं एकाएकी थांबलं म्हणून हुश्श करू नका, अपेंडिक्स फुटल्यावरही थोडा वेळ बरं वाटू शकतं.

पोट फळीसारखं कडक होणं, रक्ताची उलटी, काळीकुट्ट शी, ताप, भोवळ, पाळी चुकलेली असताना ओटीपोटात जोराची कळ, किंवा छातीखाली दुखून दरदरून घाम (हा हृदयविकारही असू शकतो) यांपैकी काहीही दिसलं तर सकाळ उजाडायची वाट पाहू नका. महाराष्ट्रात १०८ वर फोन केला की रुग्णवाहिका मोफत येते.