एडीएचडीची गोळी, अ‍ॅसिडिटीचा सोडा आणि कॅल्शियम



पालकसभा संपल्यावर एक आई मागे थांबल्या. मुलाला एडीएचडी, म्हणजे अवधान टिकत नाही आणि चंचलता फार. औषध सुरू आहे. म्हणाल्या, "सकाळची गोळी घेतली की याचं पोट दुखतं. मग आजी खायचा सोडा घालून पाणी देते. भूक लागत नाही म्हणून कॅल्शियमची गोळीही सुरू केलीय. डॉक्टरांना सांगितलं नाही हो, ती काय औषधं थोडीच आहेत?"

तिथेच गोष्ट अडते. सोडा, अँटासिड आणि कॅल्शियम ही औषधंच आहेत. ती चालतील की नाही, हे आपल्या मुलाची गोळी कोणती आहे यावर ठरतं.

अँफेटामाइन गटातली गोळी असेल तर

अमेरिकेत ही औषधं बरीच दिली जातात. तिकडची नातवंडं सुट्टीत घरी आली, तर आजी-आजोबांनी हे जरूर वाचावं.

आपण मुलांना सामू शिकवतो ना, तोच इथे कामाला येतो. अँफेटामाइन आम्लारिधर्मी आहे आणि त्याचा बराच भाग लघवीवाटे बाहेर पडतो. लघवी आम्लधर्मी असेल तर ते पटकन निघून जातं. सोड्यामुळे लघवी आम्लारिधर्मी झाली, की तेच औषध मूत्रपिंडातून परत रक्तात शिरतं. लघवीच्या सामूनुसार बाहेर पडणारं प्रमाण १ टक्क्यापासून ७५ टक्क्यांपर्यंत बदलल्याची नोंद आहे! गोळी तेवढीच, पण परिणाम जास्त. मग छाती धडधडणं, चिडचिड, रात्री झोप न लागणं असा त्रास होऊ शकतो. इथे 'दोन तासांनी सोडा देऊ' असं म्हणून भागत नाही, कारण लघवीवरचा परिणाम नंतरही राहतो.

मेथिलफेनिडेट असेल तर

आपल्याकडे डॉक्टर बहुधा हे उत्तेजक औषध देतात. याचं विघटन मुख्यतः यकृतात होतं, त्यामुळे लघवीच्या सामूचा फारसा प्रश्न नाही. पण दिवसभर पुरणाऱ्या काही कॅप्सूलमधल्या दाण्यांवर सामूनुसार विरघळणारं आवरण असतं. अँटासिडने पोटातलं आम्ल कमी झालं, तर दुपारसाठी राखलेलं औषध आधीच सुटू शकतं. मग मूल सकाळी फार गप्प किंवा अस्वस्थ आणि दुपारी पुन्हा जागेवर बसेना, असं दिसू शकतं. ते मुद्दाम करतंय असं आपल्याला वाटतं आणि बोलणी मात्र त्याला बसतात.

कॅल्शियमचं काय?

कॅल्शियम काही प्रतिजैविकांना आणि थायरॉइडच्या गोळीला पोटात धरून ठेवतं. एडीएचडीच्या या औषधांना ते तसं धरत नाही. जेवणातलं दूध-दही खुशाल द्या. मात्र अनेक कॅल्शियमच्या गोळ्यांत कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि तेच अँटासिड म्हणूनही वापरतात. म्हणून ती गोळी चालेल का आणि कोणत्या वेळी द्यायची, हे डॉक्टरांना विचारा.

मग पोटदुखीवर काय करायचं?

पोट दुखणं आणि भूक मंदावणं हे या औषधांचे ओळखीचे दुष्परिणाम आहेत. ती दरवेळी अ‍ॅसिडिटी नसते.

- गोळी उपाशीपोटी न देता नाश्त्यासोबत देता येईल का, ते विचारा.
- संध्याकाळी भूक परत येते, तेव्हा पोटभर जेवू द्या.
- गोळी स्वतःहून बंद करू नका, अर्धी करू नका. कॅप्सूल चावून खाऊ देऊ नका.
- घरात मूल जे जे घेतं, सोड्यापासून टॉनिकपर्यंत, ते सगळं एका कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा.
- छातीत दुखलं किंवा मूल चक्कर येऊन पडलं, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

शिक्षक मित्रहो, आपण औषध सुचवायचं नाही आणि बदलायचंही नाही. पण कोणत्या तासाला मूल कसं वागलं, हे आपल्याइतकं कुणालाच दिसत नाही. आठवडाभर वेळेसह दोन ओळी लिहून पालकांकडे द्या. त्या आईंनी डॉक्टरांकडे जाताना नेला तो असाच एक वहीचा कागद होता.