वेगळी खोली कुठून आणायची?

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी हजारएक गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला त्याला जेमतेम महिना होऊन गेला होता. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात म्युनिसिपल कमिशनरने हुकूम काढला होता, की रोगी सापडला की त्याला उचलून इस्पितळात न्यायचं, तो कबूल असो वा नसो. नेलेला माणूस परत येत नाही, असं चाळीचाळीत बोललं जात होतं आणि ते पुष्कळदा खरंही ठरत होतं. हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी हुकूम मवाळ झाला. ज्याला घरच्या घरी वेगळं ठेवण्याची सोय आहे, त्याला हलवणार नाही, असं आता सरकार म्हणू लागलं.

या सवलतीने ज्यांनी हल्ला केला त्यांच्या पदरात मात्र फारसं काही पडलं नाही. घरच्या घरी वेगळं ठेवायला घरात दुसरी खोली लागते, आणि गिरणगावात ती कोणाकडे होती?

आर्थर रोडवरून चालत जाण्याइतका जवळ असलेला डिलाईल रोड, म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग, पैसे देऊन दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या माणसांनी वसवला आहे. हे जरा अतिशयोक्त वाटेल, पण १९२१च्या जनगणनेत मुंबईतले पाचांपैकी चाराहून अधिक रहिवासी शहराबाहेर जन्मलेले होते. रत्नागिरीहून, साताऱ्याहून, कोल्हापूरच्या डोंगरपट्ट्यातून आलेला पोरगा आधी कुणातरी गाववाल्याच्या खोलीत पथारी टाकायचा. कुणी महिन्याला भाडं द्यायचा, कुणी दोन वेळच्या जेवणासकट ठरवायचा, कुणी गावकीच्या खोलीत वर्गणी भरून एक खुंटी आणि एक ट्रंक ठेवण्याचा हक्क मिळवायचा. त्याला भाडोत्री म्हणावं तर तो जातीतला, गावातला. पाहुणा म्हणावं तर दरमहा पैसे मोजणारा. एकाच घरात पाहुणा आणि गिऱ्हाईक अशी दोन्ही नाती सांभाळणारी ही पद्धत चांगली चालायची. साथ आली की मात्र तिचे टाके उसवायचे. आजारी पडलेल्या भाडोत्र्याचं करायचं कुणी, आणि त्याच्यापायी घर बंद झालं तर भरपाई कुणाकडे मागायची, हे आधी कुणीच ठरवलेलं नसायचं.

प्लेगच्या वेळी हा प्रश्न गाव सोडवायचं. मार्च १८९७मध्ये जनरल गेटेकरच्या प्लेग कमिटीने घरझडत्या सुरू केल्या. एका माणसाला गाठ निघाली की उरलेल्यांची रवानगी विलगीकरणाच्या छावणीत, कौलं काढून घरात ऊन घ्यायचं, भिंतींना चुना, सामानाला जंतुनाशक, आणि दारावर ‘माणसाला राहण्यास अयोग्य’ याची तीन इंग्रजी अक्षरं. अशा दिवसांत अंगात कणकण असलेला पाहुणा घरात ठेवणं म्हणजे काय, याचा विचार करून पाहा. रोगी लपवण्याची गुन्हेगारी वृत्ती म्हणून सरकारी अहवालांनी नोंदलेल्या कितीतरी घटना मला तरी यजमानाच्या साध्या हिशेबासारख्या दिसतात. सांगितलं तर सगळे छावणीत, नाही सांगितलं तर कदाचित सगळे वाचतील, आणि ज्याला ताप आहे त्याला रात्रीच्या बोटीत बसवून दिलं तर निदान तो आपल्या आईजवळ मरेल. त्या हिशेबाने रोग कोकणात आणि घाटावर पोचला, हेही तितकंच खरं. १८९७च्या फेब्रुवारीपर्यंत आठ लाखांच्या शहरातून चार लाखांच्या आसपास माणसं निघून गेली होती. गिरण्या ओस पडल्या. महिन्याचा पगार अडकवून कामगाराला बांधून ठेवणारे मालक रस्त्याच्या नाक्यांवर उभे राहून रोजच्या रोज पैसे देण्याची बोली लावू लागले. एरवी कामगारांना संप करूनही इतकं मिळालं नसतं.

शहराने त्यातून जो धडा घेतला तो घरांविषयी होता, माणसांविषयी नव्हता. १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने रस्ते रुंद केले, दाट वस्त्या पाडल्या आणि पाडलेल्या वस्त्यांतली माणसं शेजारच्या वस्त्यांत आणखी दाट होऊन बसली. पुढे पहिल्या महायुद्धानंतर सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे बीडीडीने, चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड मिळून २०७ इमारती. त्यातल्या ३२ डिलाईल रोडच्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. प्लेग आणि १९१८चा इन्फ्लुएन्झा या दोन्हींनंतर बांधलेल्या या इमारतींत काँक्रीट भक्कम होतं, हे मान्य करायलाच हवं. पण रोग्याला वेगळं ठेवता येईल अशी जागा याही आराखड्यात नव्हती.

१९१८च्या साथीचा ओझरता उल्लेख पुरे. जूनमध्ये बंदरातून आलेला ताप सप्टेंबरात दुसऱ्यांदा उसळला आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. प्लेगसारखी झडती नव्हती, छावणी नव्हती. पण हा ताप वीस ते चाळीस वयाच्या माणसांना जास्त मारत होता आणि देशभर पुरुषांपेक्षा बायकांना अधिक. गिरणगावात त्याचा अर्थ असा, की जेवू घालणारी बाईच आधी आडवी व्हायची.

या बाईशिवाय डिलाईल रोडचा मागोवा पुरा होत नाही. खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या चुलीवर, पुढे स्टोव्हवर, दहा-वीस ‘मेंबरां’ना ती रोज दोन वेळ जेवायला घालायची. मेंबर हाच तिचा शब्द. महिन्याचा पगार झाला की मेंबर पैसे द्यायचा, तोवर वाण्याकडे तिची उधारी. तीन पाळ्या सुरू झाल्यावर डबे, पंगती, भांडी यांना दिवसरात्र खळ राहिला नाही. मेंबराला ताप आला की पेज तीच करणार, त्याच्या गावी पत्र तीच कुणाकडून तरी लिहवून घेणार, आणि गावाहून कुणी येईस्तोवर त्याची वळकटी गॅलरीत, जिन्याजवळ, जिथे वारा लागेल तिथे टाकणार. चाळीतलं ‘वेगळं ठेवणं’ ते एवढंच. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज त्यांच्या हाती पडू लागलं, तेव्हा या धंद्याला पहिल्यांदा धंदा म्हणून मान मिळाला. पुढे सातच वर्षांत, १८ जानेवारी १९८२ला, गिरण्यांचा संप सुरू झाला. मेंबर गावी गेले. पुष्कळसे परत आलेच नाहीत.

त्यानंतरच्या डिलाईल रोडवर नवा पाहुणा येऊ लागला. खरं तर तो आधीपासून होताच. टाटा मेमोरियल १९४१पासून परळला उभं आहे. केईएम, वाडिया तिथून चार पावलांवर. तपासणीला, किरणोपचाराला, केमोला आलेला रोगी आणि बरोबरचा भाऊ किंवा बायको, यांना पंधरा दिवस, दीड महिना, मग मध्ये गावी जाऊन पुन्हा आठ दिवस, अशी तुटक जागा लागते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती या संस्था हेच काम वर्षानुवर्षं करत आल्या, पण रांग नेहमीच त्यांच्या खोल्यांपेक्षा लांब. उरलेल्यांना कुणीतरी पोटमाळा देतं, कुणी खोलीचा अर्धा भाग, कुणी हिंदमाताच्या फूटपाथवर ताडपत्री टाकतं. आणि याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांत, तिसऱ्याच जातीचा पाहुणा. तो फोनवर फोटो बघून तीन रात्रींसाठी घर ठरवतो, किल्लीची पेटी आकड्यांवर उघडते, यजमानाचं तोंडही त्याला दिसत नाही.

मार्च २०२०मध्ये हे तिन्ही पाहुणे एकाच आठवड्यात अडचणीत आले.

१३ मार्चला राज्यात साथरोग कायदा लागू झाला. कायदा तोच, १८९७चा, प्लेगच्या वेळी केलेला. १७ तारखेला मुंबईतला पहिला कोविडमृत्यू कस्तुरबात झाला. कस्तुरबा म्हणजे तेच आर्थर रोडचं इस्पितळ. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर विलगीकरणाचा शिक्का बसू लागला. टॉवरमधल्या यजमानांचा प्रश्न पैशाचा होता. एअरबीएनबीने १४ मार्चपर्यंत झालेली बुकिंगं रद्द करणाऱ्या पाहुण्यांना पूर्ण परतावा द्यायचं ठरवलं, घरमालकांना न विचारता. जगभर ओरड झाल्यावर कंपनीच्या प्रमुखाने घरमालकांची माफी मागितली आणि २५ कोटी डॉलरचा निधी जाहीर केला; रद्दीच्या अटींप्रमाणे जे मिळायला हवं होतं, त्याचा चौथा हिस्सा. ज्यांनी हप्त्यावर फ्लॅट घेऊन तो रात्रीच्या भाड्यावर चढवला होता, त्यांचं नुकसान खरं होतं. पण त्यांना तक्रार करायला कुणीतरी समोर होतं, आणि तो पाहुणा मुळात आलाच नव्हता. माझी सहानुभूती त्यामुळे रस्त्याच्या अलीकडच्या बाजूला जास्त रेंगाळते.

अलीकडे काय झालं? गावकीच्या खोलीचं गणित असं, की ती तीस जणांना पुरते कारण तीस जण एका वेळी तिथे नसतात. कुणी रात्रपाळीला, कुणी डबे पोचवायला, कुणी दुकानात. २५ मार्चपासून सगळे एकदमच घरात. २२-२३ तारखेपासून लोकल बंद. डिलाईल रोडचा पूल तर २०१८च्या जुलैपासूनच बंद होता, तेव्हा एरवीही वळसे घालणारी ही वस्ती आता पुरतीच कोंडली गेली. शेजारच्या वरळी कोळीवाड्याला मार्चअखेर टाळं लागलं, आणि जी-दक्षिण विभाग, ज्याचं कार्यालय याच ना. म. जोशी मार्गावर धनमिल नाक्याला आहे, एप्रिलभर शहरातल्या सर्वांत बाधित विभागांत मोजला गेला.

महापालिकेचा नियम वाचला की १८९६चा ३० ऑक्टोबर आठवतो. लक्षणं नसतील तर घरीच राहा; मात्र स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र संडास हवा. सामाईक संडासाच्या चाळीतल्या माणसाने केंद्रात जायचं. वरळीच्या एनएससीआयच्या घुमटात खाटा लागल्या होत्या, जेवण मिळत होतं, माणसं बरी होऊन परतत होती. प्लेगच्या छावणीशी त्याची बरोबरी करणं अन्यायाचं होईल. तरीही भीती तिथे जाण्याची नव्हती, मागे राहिलेल्यांची होती. मजल्यावर पत्रे ठोकले जाणार, पोरगं दूध आणायला खाली गेलं तर वरून कुणीतरी ओरडणार, आणि हे सगळं कुणामुळे, तर तुमच्याकडे पैसे देऊन राहणाऱ्या त्या बाहेरच्या माणसामुळे. घरचा आजारी पडला तर मजला हळहळतो. भाडोत्री आजारी पडला की आधी यजमानाचा हिशेब निघतो. किती घेता, कशाला ठेवलाय?

१७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना निदान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलायला सांगितलं. सूचना चांगली होती. पण तोंडी ठरलेल्या पोटमाळ्याला कागद कुठला? तिथे यजमानीण आणि पाहुणा या दोघांनीच काय ते ठरवायचं. आणि प्लेगच्या वेळचं शेवटचं दार, गाव, तेही या वेळी बंद होतं. कोकणात, घाटावर गावांच्या वेशीवर बांबू आडवे पडले. मुंबईकराला शाळेत चौदा दिवस बसवलं जाई. गणपतीला, २२ ऑगस्टच्या चतुर्थीला, जायचं तर दहा दिवस आधी पोचून विलगीकरणात राहा, असं सरकारने सांगितलं. त्याच ऑगस्टमध्ये लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान. १८९७मध्ये मुंबईकर पळाला आणि गावाने त्याला घेतला. २०२०मध्ये ज्या गावाच्या नावाने मुंबईत खोली चालते, त्याच गावाने आधी ताप मोजला.

कॅन्सरच्या रोग्याला तर कुठेच जाता येत नव्हतं. केमो मधेच सोडायची कशी? लॉकडाउनमध्ये हिंदमाताच्या उड्डाणपुलाखाली रोगी आणि त्यांची माणसं अडकल्याच्या बातम्या आल्या. ज्या घरांनी अशा वेळी आपला पाहुणा ठेवून घेतला, त्यांची नोंद कुठेच नाही. एकशे साठ चौरस फुटांत मधे साडी बांधून, त्याची ताटवाटी वेगळी घासून, मोरीची वेळ ठरवून घेतलेलं ते विलगीकरण कुठल्याच नियमात बसत नव्हतं.

दुसऱ्या लाटेत, मे २०२१मध्ये, म्हाडाने लालबाग-करी रोड भागात हाजी कासम चाळीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतींतली १०० घरं टाटा रुग्णालयाला, रोगी आणि त्यांच्या नातेवाइकांच्या मुक्कामासाठी, देऊ केली. शरद पवारांच्या हस्ते किल्ल्या दिल्या गेल्या. रहिवाशांनी हरकत घेतली, स्थानिक आमदारांनी ती मुख्यमंत्र्यांपर्यंत नेली आणि जूनमध्ये उद्धव ठाकरे यांनी निर्णयाला स्थगिती दिली. लगोलग गृहनिर्माण मंत्री जितेंद्र आव्हाड यांनी तितकीच घरं बॉम्बे डाइंगच्या जागेवरच्या म्हाडाच्या इमारतीत देऊ केली, आणि वाद मिटला.

या रहिवाशांवर तेव्हा पुष्कळ टीका झाली. मी त्यांना दगड मारणार नाही. वर्षभर जिन्यावर प्रत्येक अनोळखी पावलाला दचकणाऱ्या इमारतीत शंभर घरं सतत बदलत्या माणसांची होणार, ही धास्ती समजण्यासारखी होती. पण एक गोष्ट त्या वादात कुणी मोठ्याने म्हटली नाही. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि केमो चालू असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती इतकी उतरलेली असते, की साधा सर्दी-खोकलाही त्याला आडवा करतो. त्या जिन्यावर जपून राहायचं होतं ते रहिवाशांना नव्हे, पाहुण्यांना. मास्क लावून, लिफ्टमध्ये अंतर ठेवून, शिंकणाऱ्या शेजाऱ्यापासून लांब उभं राहायचं ते त्यांनी. त्यांच्यासाठी वेगळी खोली हवी होती ती याचसाठी, आणि त्या शंभर घरांत ती पहिल्यांदाच मिळणार होती.