गाडीतला धूर आणि आपले समज

वरळीत राहणाऱ्या माणसाच्या आसपास आज तीन वेगवेगळ्या पातळ्यांवरून जाणारे रेल्वेमार्ग आहेत. जमिनीवर पश्चिम रेल्वे आहे, महालक्ष्मी, लोअर परळ आणि प्रभादेवीची. जमिनीखाली मेट्रो 3 आहे, जी 10 मे 2025 रोजी वरळी नाक्यापर्यंत, म्हणजे आचार्य अत्रे चौक स्थानकापर्यंत आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कफ परेडला पोहोचली. आणि खांबांवर मोनोरेल, जिचे शेवटचे स्थानक सातरस्त्याला, संत गाडगे महाराज चौकात आहे. तिन्ही विजेवर चालतात. गाडीतल्या आगीबद्दल आपण बोलतो तेव्हा मात्र या तिघींना एकाच मापाने मोजतो, आणि आपले सगळे लक्ष ज्वाळांवर असते. जगभरच्या दुर्घटनांच्या चौकशांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे ते वेगळेच. आग बहुधा एखाद्या लहानशा उपकरणात लागते. माणसे दगावतात ती त्यानंतरच्या काही मिनिटांत, धुरात, अंधारात आणि काय करायचे हे कोणी न सांगितल्यामुळे. रेल्वे चालवणाऱ्या संस्थेने आगीनंतर काय सुधारले, हे तपासायचे तर त्या काही मिनिटांत काय बदलले ते पाहायला हवे.

सर्वांत जुना समज असा की विजेवरच्या गाडीत डिझेल नाही, पेट्रोल नाही, मग पेटणार काय? 9 नोव्हेंबर 2017 च्या पहाटे म्हैसूर कॉलनी स्थानकाजवळ मोनोरेलच्या रिकाम्या गाडीला आग लागली आणि तिचे दोन डबे जळून गेले. प्रवासी नव्हते म्हणून कोणाला इजा झाली नाही. इंधनाची टाकी नसलेल्या गाडीतही जळण्यासारखे पुष्कळ असते: केबलींवरचे आवरण, आसनांचा फोम, भिंतींचे अस्तर, जमिनीचे थर, शिवाय मोनोरेलची रबरी चाके. याहून भीषण उदाहरण ऑस्ट्रियातल्या काप्रूनचे. तिथे 11 नोव्हेंबर 2000 रोजी स्कीइंगसाठी निघालेल्या लोकांना डोंगरातल्या बोगद्यातून वर नेणारी गाडी पेटली आणि 155 जण दगावले. ती गाडी तर दोराने ओढली जायची, तिला इंजिनच नव्हते, त्यामुळे ती पेटू शकते हा विचारच कोणी गांभीर्याने केला नव्हता. चालकाच्या केबिनमध्ये बसवलेला एक साधा हीटर तापला, जवळच्या नळीतून ब्रेकचे तेल गळत होते, आणि तेवढे पुरले. ‘पेटणार नाही’ असे गृहीत धरल्यामुळे डब्यात प्रवाशांच्या हाताशी अग्निशामकही नव्हते. उपकरणाची आग रोखायची तर हे गृहीतच आधी सोडावे लागते. मग देखभालीच्या यादीत मोठ्या मोटारींच्या बरोबरीने केबिनमधला पंखा, सैल झालेली जोडणी, कंप्रेसरखाली साचलेले तेल आणि धूळही येते.

दुसरा समज अग्निशामक नळकांड्यांचा. आग लागली की पहिला प्रश्न असतो, ‘डब्यात विझवायचे साधन होते का?’ साधन हवेच, पण त्याचा उपयोग पहिल्या मिनिटापुरता. त्यानंतरचा खरा धोका धूर असतो. फोम आणि प्लास्टिक जळताना निघणारा धूर काळा, दाट आणि विषारी असतो. दोन-चार श्वासांत माणसाची शुद्ध हरपू शकते, आणि त्याआधीच दिसेनासे होते. दक्षिण कोरियातल्या देगू शहरात 18 फेब्रुवारी 2003 रोजी एका माणसाने मेट्रोच्या डब्यात ज्वालाग्राही द्रव ओतून आग लावली. ती घातपाताची आग होती, उपकरणाची नव्हे. पण 192 जणांचा बळी गेला त्यामागे डब्यांच्या अंतर्भागाचे साहित्य होते. आसने, अस्तर, जमीन सगळेच भराभर पेटले. त्यानंतर कोरियाने मेट्रोच्या डब्यांमधले साहित्य बदलून न पेटणारे बसवले. युरोपात 2013 मध्ये आलेले ईएन 45545 हे मानक याच विचाराचे आहे. एखादी वस्तू पेटते का, एवढेच त्यात पाहत नाहीत. ती किती उष्णता देते, किती धूर सोडते आणि तो धूर किती विषारी असतो हेही मोजतात, आणि बोगद्यातून धावणाऱ्या गाडीला उघड्यावर धावणाऱ्या गाडीपेक्षा कडक कसोटी लावतात. नव्या गाडीची माहिती देताना आसनांचा रंग आणि मोबाइल चार्जिंगची सोय सांगितली जाते. डब्यातले साहित्य कोणत्या कसोटीला उतरले, हे सांगणे त्याहून अधिक मोलाचे आहे.

भुयारी मार्गात धुराचे महत्त्व आणखी वाढते. 15 नोव्हेंबर 2024 रोजी मेट्रो 3 च्या बीकेसी स्थानकाच्या एका प्रवेशद्वारापाशी साठवलेल्या सामानाला आग लागली. गाडी पेटली नव्हती, रूळ सुरक्षित होते, कोणी जखमीही झाले नाही. तरीही धुरामुळे सेवा थांबवावी लागली, आणि ते योग्यच होते. बोगद्यात आग लागल्यास अवजड पंखे धूर एका बाजूला ढकलतात आणि प्रवाशांना विरुद्ध बाजूने नेले जाते. कोणत्या बाजूचा पंखा चालू करायचा हा निर्णय नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला क्षणांत घ्यावा लागतो, आणि त्यासाठी गाडी नेमकी कुठे आहे, आग पुढच्या डब्यात आहे की मागच्या, हे त्याला ठाऊक असावे लागते. स्थानकांच्या रचनेसाठी जगभर वापरले जाणारे अमेरिकी मानक सांगते की फलाट 4 मिनिटांत रिकामा व्हावा आणि माणूस 6 मिनिटांत सुरक्षित जागी पोहोचावा. जिने, सरकते जिने, दारांची रुंदी हे सगळे त्या हिशेबाने ठरते. म्हणूनच प्रवेशद्वाराशी साठवलेला लाकूडफाटा किंवा जिन्याखाली ठेवलेली खोकी ही किरकोळ गोष्ट नव्हे.

आता सर्वांत घातक समजाकडे येऊ: धूर दिसला की साखळी ओढायची आणि उडी मारायची. 22 जानेवारी 2025 रोजी जळगाव जिल्ह्यात माहेजी आणि परधाडे या स्थानकांच्या दरम्यान पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली किमान 12 जण चिरडले गेले. गाडीत आग नव्हती. चाकापाशी दिसणारा धूर अनेकदा चिकटून राहिलेल्या ब्रेकचा असतो; वास उग्र येतो, ठिणग्याही उडतात, पण डबा पेटत नाही. महालक्ष्मी आणि लोअर परळच्या मधल्या पट्ट्यात तर चार-चार मार्गांवरून गाड्या धावत असतात. तिथे उतरलेल्या माणसासाठी धुरापेक्षा शेजारच्या रुळावरची जलद लोकल कितीतरी अधिक जीवघेणी आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खरोखर भक्कम आहे. देगूमध्ये पेटलेल्या गाडीशेजारी दुसरी गाडी येऊन उभी राहिली, तिच्या प्रवाशांना आत बसून राहायला सांगण्यात आले, आणि सर्वाधिक बळी त्याच गाडीत गेले. चालक किल्ली काढून घेऊन बाहेर पडला आणि बहुतेक दारे बंदच राहिली. मग ‘आत थांबा’ या सूचनेवर लोकांनी विश्वास का ठेवावा? काप्रूनमध्ये वाचलेले 12 जणही सूचनेची वाट पाहत बसले नव्हते. त्यांच्यात अग्निशमन दलात काम केलेला एक जण होता. त्याच्या सांगण्यावरून ते आगीला ओलांडून खाली गेले. जे वर पळाले, त्यांना बोगद्यातून चिमणीसारखा वर चढणाऱ्या धुराने गाठले. दोन्ही घटना एकत्र वाचल्या तर ‘नेहमी थांबा’ किंवा ‘नेहमी पळा’ असा नियम निघत नाही. निघते ते असे की योग्य कृती जागेवर अवलंबून असते, आणि ती जागा पाहू शकणाऱ्या माणसाने ताबडतोब बोलले पाहिजे. मोकळ्या रुळावर थांबलेल्या लोकलमध्ये पुढच्या-मागच्या डब्यात सरकणे किंवा, ते शक्य नसेल तर, शेजारचे मार्ग बंद झाल्याची खात्री होईपर्यंत थांबणे शहाणपणाचे. बोगद्यात शक्यतो गाडी पुढच्या स्थानकात नेणे हाच पहिला उपाय; मेट्रो 3 च्या 33.5 किलोमीटरवर 27 स्थानके आहेत, म्हणजे पुढचे स्थानक सरासरी सव्वा किलोमीटरच्या आसपास, दीड-दोन मिनिटांवर. त्यामुळे भुयारात मधेच गाडी थांबवण्याचा मोह टाळायचा आणि बोलण्यासाठी असलेले बटण दाबून चालकाला कळवायचे. बाकूच्या मेट्रोत 28 ऑक्टोबर 1995 रोजी विजेच्या बिघाडाने आग लागलेली गाडी बोगद्यातच थांबली आणि जवळजवळ 290 जण गेले.

मोनोरेलची गोष्ट या दोन्हींहून वेगळी. तिच्या तुळईशेजारी चालायला वाट नाही. स्थानकाबाहेर अडकलेल्या गाडीतून सुटायला दुसऱ्या गाडीने ओढून नेणे किंवा अग्निशमन दलाची शिडी, एवढेच मार्ग. 19 ऑगस्ट 2025 च्या पावसात हार्बर मार्ग बंद पडल्याने लोक मोनोरेलकडे वळले. म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्कच्या दरम्यान गाडी थांबली. तिची क्षमता 104 टनांची, भार 109 टनांच्या घरात गेला होता. त्यामुळे वीज घेणाऱ्या भागाचा वीजपट्टीशी संपर्क तुटला. ओढून नेण्याचा प्रयत्नही वजनामुळे फसला. वातानुकूलन बंद, दारे बंद, आणि पाचशेहून अधिक माणसे आत; कित्येकांना गुदमरल्याचा त्रास झाला. आग कुठेच नव्हती. पण त्याच जागी, तेवढ्याच गर्दीत, एखादी केबल धुमसत असती तर शिड्या लागेपर्यंतचा वेळ कोणाकडे होता? म्हणून या घटनेकडे मी गर्दीची बातमी म्हणून पाहत नाही. आगीच्या वेळी काय होईल याची ती तालीमच होती, आणि तीत यंत्रणा नापास झाली.

इथूनच एसी लोकलबद्दलची भीती समजून घेता येते. बंद दारांची गाडी म्हणजे सापळा, असे अनेकांना वाटते. 25 डिसेंबर 2017 रोजी मुंबईत पहिली एसी लोकल धावली तेव्हापासून ही शंका आहे. दारे बंद असल्याने गाडीतून पडून होणारे मृत्यू टळतात, आणि मुंबईत ते आगीच्या बळींपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आहेत. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ लोकलमधून प्रवासी पडून झालेल्या अपघाताने ते पुन्हा दाखवले. तरीही शंका निराधार नाही. वीज गेली की बंद डब्यात हवा कशी येणार, या प्रश्नाचे उत्तर रचनेतच असायला हवे. मुंब्र्यानंतर साध्या लोकलला स्वयंचलित दारे बसवण्याचे ठरले तेव्हा दारांना हवा खेळवणाऱ्या झडपा, छतावर हवा आत घेणारी यंत्रे आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट या तीन गोष्टी सोबत जाहीर झाल्या. तिसरी गोष्ट आगीच्या दृष्टीने सर्वांत मोलाची. आजच्या जुन्या लोकलमध्ये धुराने भरलेल्या डब्यातून शेजारच्या डब्यात जाताच येत नाही.

विझवण्याबद्दलचा समज थोडक्यात. गाडी पेटली आणि बंब आला तरी पाणी लगेच का मारत नाहीत, म्हणून लोक संतापतात. पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या तारांत आता 25,000 व्होल्टची वीज आहे. ती तोडून, तार जमिनीशी जोडून खात्री झाल्याशिवाय पाण्याचा फवारा मारणे म्हणजे जवानाचा जीव धोक्यात घालणे. ऑक्टोबर 2019 मध्ये वाशी स्थानकात लोकलच्या पेंटोग्राफला, म्हणजे छतावरून तारेतली वीज घेणाऱ्या भागाला, आग लागली, ती कोणीतरी छतावर फेकलेल्या बॅगेमुळे, असे रेल्वेने सांगितले होते. वीजपुरवठा किती लवकर तोडला गेला, हाच अशा वेळी कार्यक्षमतेचा निकष.

शेवटचा समज असा की दुरुस्तीसाठी मार्ग बंद ठेवणे म्हणजे अपयशाची कबुली. 2017 च्या आगीनंतर मोनोरेल 1 सप्टेंबर 2018 पर्यंत बंद होती. 20 सप्टेंबर 2025 पासून नव्या गाड्या आणि नवी सिग्नल यंत्रणा बसवण्यासाठी ती पुन्हा थांबवली गेली. बोस्टनमध्ये 21 जुलै 2022 रोजी नदीवरच्या पुलावर गाडी पेटली, एका प्रवासी महिलेने नदीत उडी घेतली, आणि महिन्याभराने तिथल्या प्रशासनाने तो संपूर्ण मार्ग 30 दिवस बंद ठेवून साचलेली कामे उरकली. रोज लाखो माणसे वाहणारी पश्चिम रेल्वे असे करू शकत नाही, हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच रविवारचा मेगाब्लॉक कुरकुर न करता सोसायला हवा. पण नुसते बंद ठेवल्याने काही सुधारत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये वडाळा आगारात चाचणी सुरू असताना मोनोरेलची नवी गाडी मार्गावरून घसरली, ती याच बंदीच्या काळात. नवी सिग्नल यंत्रणा आग रोखत नाही. ती गाडी कुठे आहे ते अचूक सांगते आणि पेटलेल्या गाडीशेजारी दुसरी गाडी येऊ देत नाही. जुन्या जोडण्या आणि सुटे भाग वेळेवर बदलणे, हे काम वेगळेच उरते.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात 18 नोव्हेंबर 1987 रोजी लाकडी सरकत्या जिन्याखालच्या वंगणात आणि कचऱ्यात काडी पडून 31 जण गेले. चौकशीत उघड झाले की अशा लहान आगी वर्षानुवर्षे लागत होत्या आणि विझवून विसरल्या जात होत्या. फेनेल अहवालाने 157 शिफारशी केल्या, आणि तो अहवाल कोणालाही वाचता येतो. आपल्याकडे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाऐवजी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत ठेवले आहेत, ते चौकशी निःपक्ष व्हावी म्हणून. त्या स्वातंत्र्याचा लाभ प्रवाशाला मिळायचा तर मोठ्या अपघातांबरोबर लहान धुरांचीही नोंद जाहीर व्हायला हवी: कोणत्या गाडीत, कोणत्या उपकरणात, कशाने. आणि धुराच्या वेळी दिली जाणारी उद्घोषणा मराठीत, बॅटरीवर, दिवे गेल्यावरही ऐकू येईल अशी हवी. तिची तालीम माणसांनी भरलेल्या गाडीत वर्षातून निदान एकदा घ्यावी, आणि गाडी रिकामी व्हायला किती मिनिटे लागली तो आकडा स्थानकाच्या दाराशी लावावा.